वरचं टिंब

या प्रकरणातल्या गायिकेला मी ‘बाई’ म्हणते, कारण त्यांचे शिष्य तसंच म्हणतात. घराणं सांगत नाही. वर्षं, वह्यांची संख्या, नात्यांतले एकदोन धागे बदललेत. तरी ओळखणारे ओळखतीलच, ठाणं त्या बाबतीत अजून गावच आहे. ओळखलंत तर मनात ठेवा.

मी नौपाड्यात राहते आणि घरी बसून पुस्तकांचं संपादन करते. बाईंच्या चरित्राचं हस्तलिखित प्रकाशकाकडून आलं तेव्हा काम सहा आठवड्यांचं वाटलं होतं. लागले चौदा महिने. चरित्रकार तिशीतला, स्वतः गाणारा, कोपरखैरण्याचा. मैफलींच्या तारखा, आकाशवाणीची पत्रं, जुनी परीक्षणं त्यानं नेटकी जमवली होती. मराठी ग्रंथ संग्रहालयात बसून मासिकांचे गठ्ठे चाळले होते. संस्था १८९३ सालची, बाईंच्या आईच्याही आधीची, असं तो कौतुकानं सांगायचा. पण पुस्तकाचा खरा ऐवज होता तो वह्यांत, आणि भांडणही वह्यांवरूनच झालं.

बाईंनी शेवटच्या आजारपणात नऊ वह्या आपल्या ज्येष्ठ शिष्येच्या हाती दिल्या. चिठ्ठी नाही, मृत्युपत्रात उल्लेख नाही. “घेऊन जा गं वाशीला, इथे वाळवी लागेल,” एवढं बोलून दिल्या. हे वाक्य पुढे वकिलांनी मला तीनदा म्हणायला लावलं.

वह्या लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, वाण्याकडे उधारी लिहितात तशा. उजव्या पानावर चीज, म्हणजे बंदिश, भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीनं मांडलेली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, तालाच्या समेला फुली, खालीला शून्य. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराच्या पायाशी टिंब, वरच्या तारसप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर टिंब. पानाच्या कोपऱ्यात पट्टी, म्हणजे पेटीवरचा कुठला सूर षड्ज धरून गायचं ते: ‘का. ४’, म्हणजे काळी चार. डाव्या पानावर संसार. दूध, भाडं, तबलजींची बिदागी, गॅसचा नंबर कधी लावला, कोण आलं, कोण रुसलं, रियाज झाला की नाही. एकच दिवस, एकच शाई, मध्ये फक्त शिवण. संगीताची वही वेगळी आणि खासगी डायरी वेगळी अशी सोय बाईंनी पुढच्यांसाठी करून ठेवलेली नव्हती.

चरित्रकाराला हवं होतं ते सहाव्या वहीत सापडलं. मधल्या पानांत घडी घातलेलं रुग्णालयातून घरी सोडल्याचं कार्ड: थायरॉइडच्या गाठीची शस्त्रक्रिया. आणि दोन पानं सोडून डाव्या बाजूला बाईंच्या अक्षरात एक चार शब्दांची ओळ. ती छापायची परवानगी मिळाली नाही, म्हणून ती इथेही नाही. एवढंच सांगते की ती आवाजाबद्दल आहे आणि तिच्यात तक्रार नाही.

ओळीचं महत्त्व कळायला बाईंची प्रसिद्ध कथा माहीत हवी. पंचेचाळिशीच्या आसपास त्यांचं गाणं बदललं. तारसप्तकात झेपावणाऱ्या बाई मंद्राकडे वळल्या. समीक्षकांनी त्याला अंतर्मुखता म्हटलं, कुणी साधनेची पुढची पायरी म्हटलं. त्यांच्या स्वतःच्या रचनांचा अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, तर शैलीची खूणच ठरला: अंतरा म्हटला की तार षड्जावर जाऊन ठेपायचं ही सर्वसाधारण रीत, पण बाईंचा अंतरा त्याच्या एक पायरी खालच्या निषादापर्यंत चढतो आणि तिथून वळतो. षड्ज तुमच्या मनात वाजतो, त्या गात नाहीत. ऐकताना अंगावर काटा येतो, आजही.

थायरॉइडच्या वरच्या टोकाशी एक बारीक मज्जातंतू असतो. स्वरयंत्रातल्या ज्या स्नायूमुळे स्वरतंतू ताणले जाऊन आवाज वर चढतो, त्या स्नायूला तो जातो. तिथली रक्तवाहिनी बांधताना त्याला इजा होऊ शकते. मग बोलण्यात फारसा फरक पडत नाही, दारावरच्या भाजीवाल्याला काही कळत नाही, फक्त वरचे स्वर जातात. इटालियन गायिका अमेलिता गाल्ली-कुर्ची यांच्यावर १९३५ साली शिकागोत गलगंडाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर त्यांचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. शल्यचिकित्सेच्या जगात त्या मज्जातंतूला पुढे त्यांच्याच नावानं ओळखू लागले. एका गाणाऱ्या बाईच्या गळ्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांना धडा म्हणून शिकवली गेली. आणि कितीतरी दशकांनी कुणी तरी जुनी परीक्षणं शोधून मांडलं की त्यांचा आवाज शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच उतरत चालला होता!

हे मी चरित्रकाराला सांगितलं, कारण त्यानं प्रकरणाचं नाव ‘कापलेला स्वर’ ठेवलं होतं. मग आम्ही दोघांनी शनिवारभर बसून नऊही वह्यांतले कोपरे उतरवून काढले. पहिल्या चार वह्या काळी चार. पाचव्या वहीच्या मध्यावर पांढरी पाच, म्हणजे अर्धा स्वर खाली, आणि कार्डावरची तारीख त्यानंतर आठ महिन्यांनी येते. सातव्या वहीपासून पांढरी चार. एकूण दीड स्वर. पट्टी उतरवूनही भागेना तेव्हा अंतरे बदलले. आठव्या वहीत पानामागून पान उलटत जा, डोक्यावर टिंब असलेला एकही स्वर नाही. सगळी टिंबं पायाशी आलेली.

म्हणजे आवाज शस्त्रक्रियेनं गेला असं म्हणता येत नव्हतं. गाठीमुळे आधीच जड झाला असेल, वयानं असेल, दोन्ही असेल. प्रकरणाचं नाव बदललं. कार्ड मात्र आता टेबलावर होतं आणि ते परत घडी घालून ठेवता येईना.

बाईंची लेक विष्णुनगरात राहते. साठीची, बँकेतून निवृत्त झालेली, गाणं अजिबात न गाणारी. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला अगं-तुगं करतात. दुसरी भानगड तिथेच निकालात निघेल असं मला वाटलं होतं. ती म्हणजे एका विवाहित गृहस्थांची बाईंना आलेली पत्रं, जवळजवळ पन्नास. त्यावर ताईंनी चहा ओतता ओतता सांगितलं, “छापा की. सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं. आई काही लपवून भेटायची नाही, गडकरीला पहिल्या रांगेत बसायचे दोघं.”

आणि शस्त्रक्रिया?

“ते नाही.”

का, तर उत्तर नाही. मी कुमार गंधर्वांचं उदाहरण दिलं. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालं, देवासला वर्षानुवर्षं पडून होते, आणि उठले ते नवंच गाणं घेऊन. त्यांच्या छोट्या, झेपेसारख्या स्वरवाक्यांबद्दल बोलताना फुप्फुसाचा उल्लेख कोण टाळतो? गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या उपचारानंतर बदलला हेही सगळे जाणतात, कुणी त्यांना कमी लेखलं नाही. ताई ऐकून घेऊन म्हणाल्या, “त्यांनी लोकांना सांगितलं होतं. आईनं आम्हालासुद्धा सांगितलं नव्हतं. मला वाटायचं गळू झालं होतं.”

मला तोवर वाटत होतं की खासगी म्हणजे प्रेमप्रकरण, आजारपण हे त्यानंतरचं. गाणाऱ्या माणसाच्या घरात क्रम उलटा असतो हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

कोर्ट नाक्यावर आमच्या ओळखीचे वकील बसतात. त्यांच्याकडे जाताना माझ्या मनात होतं की बाईंचा खासगीपणाचा हक्क वगैरे काही निघेल. त्यांनी पाच मिनिटांत झटकून टाकलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं खरं, पण तो जिवंत माणसाचा. जयललितांवरच्या चित्रपटाविरुद्ध त्यांच्या भाचीनं मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा २०२१ मध्ये न्यायालय म्हणालं, हा हक्क वारसाहक्कानं मिळत नाही. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तेच सांगितलं. मृत माणसाची बदनामी कायद्यात आहे, पूर्वी दंड विधानाच्या ४९९ कलमाखाली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ खाली, पण ती जवळच्या नातलगांना दुखवायच्या हेतूनं केलेली असावी लागते. गाठीची शस्त्रक्रिया झाली असं लिहिणं ही बदनामीच कशी?

“मग आडकाठी कुणाची?” मी विचारलं.

“लेकीची. पण आईची अब्रू म्हणून नाही, आईची मालमत्ता म्हणून.”

वही ज्याच्या हाती दिली त्याची, वहीतले शब्द मात्र वारसांचे. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्रानं कुणाला दिलं तर, उलट काही लिहिलं नसल्यास, प्रताधिकारही त्याच्याबरोबर जातो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात तशी तरतूद आहे. ‘घेऊन जा गं वाशीला’ हे मृत्युपत्र नव्हे. म्हणून कागद वाशीला, शब्द विष्णुनगरात. शिवाय लेखकाच्या हयातीत न छापलेल्या मजकुराची साठ वर्षं तो छापल्यापासून मोजतात, तेव्हा वाट बघून सुटका नाही. त्या पन्नास पत्रांचंही तसंच. कागद बाईंचे, आता ताईंचे, पण शब्द त्या गृहस्थांच्या मुलांचे. ताईंनी “छापा की” म्हटलं ते मोलाचं होतं, कायद्यानं कवडीमोल. पत्रं पहिल्या दिवशीच बाजूला गेली. गृहस्थांची पत्नी हयात आहे हे कारण मला एकटंच पुरेसं होतं.

पण शब्दांवर मालकी चालते, घटनेवर नाही. बाईंची ओळ लेकीच्या परवानगीशिवाय छापता येत नव्हती, शस्त्रक्रियेची हकीकत मात्र चरित्रकार स्वतःच्या शब्दांत पानभर लिहू शकत होता. मला हा सगळ्यात वाईट मार्ग वाटतो. बाईंनी चार शब्दांत, मोजून मापून जे म्हटलं ते अडतं, आणि दुसऱ्यानं अंदाजानं रंगवलेलं मोकळं सुटतं. चरित्रकाराचा मसुदा तसा होताही: ‘त्या रात्री बाईंना काय वाटलं असेल?’ मी समासात लिहिलं, ‘माहीत नाही, मग विचारू नकोस.’

आणि आपल्या चरित्रांची ती जुनी सवय! ‘प्रकृतीच्या कारणास्तव’, ‘कौटुंबिक अडचणींमुळे’, ‘दीर्घ स्नेह’. सांगायचं तर आहे, पण शेजारणीला सांगतात तसं, भुवई उडवून. अशा शब्दाआड काहीच झाकलं जात नाही, वाचणारा नको तेवढं ओळखतो. माझं मत असं की एक तर साध्या शब्दात लिहावं किंवा लिहूच नये.

लिहूच नये, या बाजूला मी जवळजवळ पोचले होते. मग वाशीला गेले.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीनं तुर्भे, सानपाडा करत वाशी. शिष्येच्या दिवाणखान्यात शिकवणी चालू होती. बाराएक वर्षांची मुलगी बाईंचीच बंदिश गात होती. आवाज पाण्यासारखा. अंतऱ्यात निषादावर आली आणि सहज, पोरीच्या स्वभावानं, वर षड्जाला गेली. काय लागला तो! शिक्षिकेनं तानपुऱ्यावरचा हात न थांबवता मान हलवली. “वर नाही जायचं. बाईंचा अंतरा तिथून वळतो.” मुलीनं परत म्हटलं. वळली. पुन्हा चुकून वर गेली, पुन्हा टोकली गेली. तिसऱ्या खेपेला बरोबर वळली, आणि ‘शाब्बास’ मिळाली.

शिकवणी संपल्यावर मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना?

“तानपुरे मी लावायचे,” त्या म्हणाल्या. “पट्टी उतरली तेव्हा तारा बदलून आणल्या त्या मीच. ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? पण बाईंनी कधी विषय काढला नाही, मग आम्हीही नाही काढला. पुढे पुढे तेच सुंदर वाटायला लागलं.” थोडं थांबून: “सुंदर आहेच.”

आहेच. पण एका बाईनं आपल्या गळ्याशी केलेली तडजोड आणि एका धडधाकट पोरीवर घातलेला नियम या दोन गोष्टी एक नव्हेत. कार्ड फाडून टाकलं, चार शब्दांची ओळ खोडली, तरी आठव्या वहीची टिंबं सांगणारच, आणि ती पानं तर पुस्तकात हवीच होती. माणूस गेल्यावर त्याची कुठली खासगी गोष्ट उघड करावी याचा माझ्यापुरता निकष इथे ठरला. ती गोष्ट कळल्यानं त्याचं काम वेगळं ऐकू येतं का? पत्रांनी बाईंचा एकही स्वर वेगळा ऐकू येत नव्हता. शस्त्रक्रियेनं येत होता. हा निकष मी सगळीकडे लावेन असं नाही. चिकित्सा या नावाखाली मेलेल्यांच्या चादरी झटकणारे पुष्कळ पाहिलेत.

ताईंना मी फक्त ती मुलगी सांगितली. कायदा नाही, कुमार नाहीत. दोनदा वर गेली आणि दोनदा खाली आणली गेली, एवढंच. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, “त्या पोरीला वर जाऊ दे म्हणावं.”

आणि उठता उठता: “छापा. पण आईची ओळ नाही. ती तिची आहे.”

छापलं ते असं. पट्टीचं कोष्टक परिशिष्टात, वहीवार. मजकुरात एक परिच्छेद: अमुक सुमारास थायरॉइडची शस्त्रक्रिया, पट्टी त्याआधीच अर्धा स्वर उतरलेली, नंतर आणखी, आणि मग अंतऱ्यांची नवी घडण. कारण जोडलेलं नाही. रुग्णालय नाही, डॉक्टर नाहीत, कार्डाची प्रतिमा नाही. परिच्छेद छापायच्या आधी ताईंना वाचून दाखवला. एक विशेषण त्यांनी काढायला लावलं, ‘दुर्दैवी’. काढल्यावर वाक्य सुधारलं.

हे सगळं इतकं काळजीनं करत असताना खरी चूक मी दुसरीकडेच करून बसले होते.

स्वरलिपीची अक्षरजुळणी किचकट असते, टिंबं आणि रेघा जागेवर बसत नाहीत. नमुना म्हणून मी डीटीपीवाल्याला दुसऱ्या वहीतल्या एका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो उघड्या वहीचा. उजवं पान आलं, तसं डावंही. त्यानं एक खूण कळली नाही म्हणून कुणा गाणाऱ्या मित्राला पाठवला, मित्रानं बाईंचं अक्षर ओळखून भक्तिभावानं गुरुबंधूंच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत अडीचशे जणांनी नमस्काराचे हात जोडले. डाव्या पानावर साथीच्या पेटीवाल्यांबद्दल लिहिलेलं होतं. त्या दिवशी ते पिऊन आले होते, तरी साथ निभावली, निघताना दोनशे रुपये उसने घेतले, घरी कळू देऊ नका म्हणाले.

पेटीवाले बाईंच्या आधी गेले. त्यांची पत्नी कळव्यात मुलाकडे असते, वय चौऱ्याऐंशी. मुलगा त्या ग्रुपवर होता.

१९९४ च्या राजगोपाल खटल्यात, ऑटो शंकर या कैद्याचं आत्मचरित्र एका तमिळ साप्ताहिकात छापायचं होतं त्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की घर, कुटुंब, लग्न या गोष्टींबद्दल, खरं असो वा खोटं, त्या माणसाच्या संमतीशिवाय छापता येत नाही. सार्वजनिक नोंदींत असलेलं सोडून. हे वकिलांनी मला आधीच सांगितलं होतं. मी ते गृहस्थांच्या पत्नीच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. पेटीवाल्यांच्या घराचा विचारच आला नाही. मोठ्या कलाकाराच्या चरित्रात साथीदार असतात कुठे? तळटीपेत.

मी कळव्याला गेले. मुलानं दार उघडलं, पाणी दिलं, बोलला नाही. काकू पलंगावर बसून वाल सोलत होत्या. मी माफी मागितली, फोटो कसा गेला ते सांगितलं, पुस्तकात डाव्या बाजूचं एकही पान येणार नाही असं सांगितलं. त्यांनी वालाचं भांडं बाजूला सारलं.

“प्यायचे ते. कळवा-मुंब्रा सगळ्यांना माहीत होतं, एक बाईंनाच वाटायचं मला माहीत नाही.”

मग म्हणाल्या, “दोनशे दिले ते खरं. पण पन्नास मी दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिले त्यांना, नौपाड्याला. म्हटलं, बाकीचे हप्त्यानं देते, यांना सांगू नका. ते नाही वाटतं लिहिलं?”

नाव घालू नका, बाकी सांगायचं तर सांगा, असं म्हणून त्यांनी निघताना मला सोललेले वाल बांधून दिले.

घरी येऊन मी दुसरी वही उघडली. फोटोतलं पान, त्यामागचं पान. पुढच्या डाव्या पानावर दूध आहे, तबलजींची बिदागी आहे, आणि जमेच्या बाजूला ५० लिहिलेले आहेत. कुणाकडून, ते नाही.